एक बोट अंतर

३ फेब्रुवारी

बारक्या,

फोन लावून लावून माझं बोट झिजलं. खाणीवर रेंज नसते म्हणतोस, आणि असते तेव्हा "ताई, मग बोलू" म्हणून ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. बाबांना ऐकू येत नव्हतं म्हणून तू त्यांना लिहायचास. मला ऐकू येतं, पण तू बोलत नाहीस, तेव्हा गोष्ट तीच.

बाबांना जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तू आलास, तीन दिवस राहिलास, आणि शेडमधल्या गाडीकडे एकदाही पाहिलं नाहीस. बोल लावत नाही मी. मलाही ती बघवत नाही, पण शिलाई मशीनवर बसलं की समोर खिडकीत तीच दिसते. चौदा वर्षं बाबांनी ती साहेबांसाठी चालवली. साहेबांनी नवी घेतल्यावर हिला घरी आणली आणि हत्तीण म्हणून लाड केले. तिनेच त्यांचा जीव घेतला.

त्या दिवसाचं तुला आईने सांगितलं असेल, पण आई तिथे नव्हती. हे होते. बाबांनी ह्यांना स्टिअरिंगवर बसवलं, इंजिन चालू ठेवून गाडी बटणाने सगळ्यात वर उचलायला लावली आणि पाण्याची बाटली घेऊन पुढच्या डाव्या चाकामागून खाली सरकले. ह्यांनी आपल्या बाजूचं दार उघडून एक पाय बाहेर ठेवला होता, कारण बाबांना हाक ऐकू जायची नाही, हाताची खूणच बघावी लागायची. काही मिनिटं सगळं ठीक होतं. मग ती डाव्या बाजूने बसली. एकदम. "बाबा" म्हणायलाही वेळ मिळाला नाही म्हणतात.

आई म्हणते, जावयाचा हात बटणाला लागला. चौकशीचे साहेबही तेच खोदून खोदून विचारतात. हे पहिल्या दिवशी म्हणाले, "मी हात लावला नाही." आठवड्याने म्हणाले, "लावल्याचं आठवत नाही." काल ताटावर बसून मला विचारतात, "नकळत लागला असेल का गं?" तुझे दाजी कसे आहेत ते तुला माहीत आहे. वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून ह्या माणसाला जिथे चूक नाही तिथेही चूक दिसते. २६ तारखेला सही करून जबाब द्यायचाय. त्या दिवशी ह्यांच्या तोंडून काय निघेल याची मला धास्ती आहे. "हो, लागला" एवढं म्हणाले की आत टाकतील.

मला एवढंच कळायला हवं: ती गाडी आपोआप बसते की नाही? तू एवढा फोरमन. कसं शोधायचं ते मला कळेल अशा भाषेत लिही. मला गाडीतलं काही कळत नाही, पण टेप कसा धरायचा ते तुझ्याहून जास्त कळतं.

ताई

•

७ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. तुझं अक्षर बघून शाळेतली वही आठवली. रागावलीस की अजूनही पेन कागदातून आरपार जातो.

हत्तीणीला साध्या गाडीसारख्या लोखंडी स्प्रिंगा नाहीत. चार चाकांवर चार रबरी पिशव्या आहेत, त्यांत हवा. मधे एक छोटा पंप हवा भरतो आणि पाइपांनी पिशव्यांना वाटतो. बटण दाबलं की हवा वाढते, गाडी वर. हवा सोडली की खाली. नवीन असताना गादीवर बसल्यासारखं वाटायचं, म्हणून मोठे लोक घ्यायचे. रबर म्हातारं झालं की चिरतं आणि सगळं सुख निघून जातं.

आता तुझं काम. चाकाच्या अगदी मध्यापासून वर पत्र्याच्या कडेपर्यंत टेप लाव. चारही चाकं, संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा. इंजिन बंद, गाडी नेहमीच्या उंचीवर. एकच कोपरा उतरला तर गळती त्याच पिशवीत किंवा तिच्या पाइपात. पुढचे दोन्ही उतरले तर हवा वाटणाऱ्या ठोकळ्यात. उतरलेल्या चाकाच्या पिशवीवर बाहेरूनच साबणाचं पाणी मार. बुडबुडा फुगला की तिथे भोक. बहुतेक रबरच निघेल. सतरा वर्षांचं रबर, त्याला कोण काय करणार?

हात, डोकं, काहीही गाडीखाली घालायचं नाही. माझी शप्पथ.

दाजींना सांग, जेवत जा. आईला नमस्कार.

बारक्या

•

१२ फेब्रुवारी

बारक्या,

दोन रात्रींचं माप लिहिते. मागची दोन्ही चाकं: दोराभरही हलली नाहीत. पुढचं उजवं: जागच्या जागी. पुढचं डावं: पहिल्या रात्री दोन बोटं उतरलं, काल पुन्हा दोन. ब्लाउजची मापं बायका खोटी सांगतात, गाडी खोटं सांगत नाही.

इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची माझी बाटली त्या दिवशी बाबांनीच नेली होती. चौकशीवाल्यांनी ती परत दिली. मी ती कपाटावर ठेवली आणि नवी आणली. तिने रबरावर साबण मारला, पुढून, मागून, दिव्याच्या उजेडात. एक बुडबुडा नाही. रबर सुरकुतलंय, पण चिरलेलं नाही. मग हवा जाते कुठून?

कोपऱ्यावरच्या फिटरकाकांना बोलावलं. ते म्हणाले, "रात्रभरात दोन बोटं म्हणजे बारीक गळती. बारीक गळतीने गाडी दाणकन बसत नाही, बाई." हे दारात उभे राहून ऐकत होते. चपला घालून निघून गेले, संध्याकाळी आले. तेव्हापासून टेबलावर उजवा अंगठा दाबत बसतात. दाबतात, सोडतात, दाबतात. मी विचारलं काय करताय, तर म्हणाले, "बघतोय, किती जोर लागतो ते."

आई ह्यांच्याशी बोलतच नाही. पाणीसुद्धा माझ्या हातून पाठवते. तुझा फोटो मात्र रोज पुसते, की लेक एवढा लांब, बापाच्या वेळी पोचला नाही. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

दोन गोष्टी विचारते. एक: बारीक गळती असली तरी गाडी एकदम बसू शकते का? हो की नाही, एवढंच. दोन: बाबा त्या सगळ्यात वरच्या उंचीच्या बटणाला कधी हात लावत नसत. "हत्तीणीला टाचा वर करायला लावायचं नाही" म्हणायचे. मग त्या दिवशी कुणाच्या सांगण्यावरून लावलं?

चौदा दिवस उरलेत.

ताई

•

१५ फेब्रुवारी

ताई,

फिटरकाका म्हणाले ते खरं आहे. बारीक गळतीने गाडी हळूहळू उतरते, दाणकन नाही. मला खोटं लिहिता येत नाही.

पण मी काय म्हणतो, दाजींचा हात लागला असला तरी मुद्दाम थोडाच लागला? सगळ्यांना कळतं ते. चांगला वकील बघू, मी खर्च करीन. सरळ माणूस आहे, साहेब समजून घेतील. आईला मी समजावीन. ती आज नाही तर उद्या निवळेल.

गाडीचा नाद आता सोड. झालं ते झालं. भंगारवाल्याला बोलव आणि शेड मोकळी कर. रोज खिडकीतून ते बघून तुझंही डोकं फिरेल. तुला जमणार नसेल तर थांब, मार्चअखेर मला रजा मिळेल, मी येऊन खोलून टाकतो. तोवर ती उंच करून बघण्याच्या भानगडीत पडू नकोस. आणि पिशवीच्या डोक्यावर पितळी नटात पाइप जातो, त्या जॉइंटला कुणालाही हात लावू देऊ नकोस, फिटरकाकांनाही नाही.

बाबांनी उंच का केली ते मला काय माहीत? म्हातारा माणूस, मनात आलं, केलं.

बारक्या

•

१९ फेब्रुवारी

बारक्या,

पितळी नटाचं तुला कुणी विचारलं होतं? मी रबराचं लिहिलं, पाइपाचं नाव काढलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

तुझं पत्र वाचलं आणि सरळ शेडमध्ये गेले. बाबा कागद कुठे ठेवायचे ते आठवलं. स्टिअरिंगसमोर वर ऊन अडवायची फळी असते ना, तिच्या मागे. पेट्रोलच्या चिठ्ठ्या, आईचा जुना फोटो, आणि तुझं पत्र. ८ जानेवारीचं. तुझंच तुला वाचून दाखवते:

"बाबा, डावीकडून बसते म्हणता तर बटणाने सगळ्यात वर उचला. जॅक लावू नका. जॅकने वजन उचललं की पिशवी सैल पडते आणि गळती लपते. ती स्वतःच्या पायांवर उभी असतानाच सापडते. वरच्या जॉइंटला साबणाचं पाणी मारा. तुम्हाला फुसफुस ऐकू येणार नाही, म्हणून अगदी जवळ जाऊन बघा."

अगदी जवळ जाऊन.

अरे, ताकाला जाऊन भांडं लपवतोस? आणि ते भांडं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतोस? वकिलाचा खर्च करणार म्हणे! ह्यांनी तुझं पत्र वाचलं. "हात लागला असला तरी" हे वाक्य दोनदा वाचलं, पेन्सिलने खाली रेघ मारली, सवयीने. म्हणाले, "बारक्याला गाडीतलं कळतं. तो म्हणतो म्हणजे लागला असेल." तुझ्या शब्दावर ह्या माणसाचा किती विश्वास आहे बघ.

जुनं पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही. माझ्या कात्रीच्या डब्यात आहे. नुसतं पत्र दाखवून ह्यांचा हात सुटत नाही. साहेब म्हणतील, मेहुण्याने चुकीचं सांगितलं आणि जावयाने बटणही दाबलं. मला गाडी काय करते ते हवंय. उंच केल्यावर काय होतं? तुला ठाऊक आहे. २६ च्या आत लिही. रागावून नाही, हात जोडून लिहितेय, बारक्या.

ताई

•

२२ फेब्रुवारी

ताई,

लिहितो. सगळं लिहितो.

दोन महिन्यांपूर्वी रजेवर आलो होतो तेव्हा त्या डाव्या पिशवीचा पाइप टोकाशी चिरलेला होता. नवा मागवायला आठ दिवस लागले असते आणि मला दोन दिवसांत परत यायचं होतं. मी टोक कापलं आणि उरलेला पाइप ओढून तोच जुना पितळी नट पुन्हा लावला. पाइप चार बोटं आखूड झाला. नेहमीच्या उंचीवर पुरतो, थोडी हवा गळते एवढंच. पण गाडी पूर्ण वर गेली की पिशवी लांबते आणि तो ताणला जातो. काही मिनिटं धरतो, मग नटातून सरकतो, आणि सगळी हवा एका श्वासात जाते. गाडी खाली आली की पाइप सैल पडून परत आत बसतो. म्हणून तुला बुडबुडा दिसला नाही. तू रबर बघत होतीस, कारण मी तुला रबर बघायला सांगितलं.

बाबांनी लिहिलं की डावीकडून बसते, तेव्हाच माझ्या मनात आलं, आपला जॉइंट तर नाही? मी येईपर्यंत हात लावू नका, एवढं लिहायला हवं होतं. पण मला जाणून घ्यायचं होतं की माझ्या हातचं काम गळतंय की नाही. खाणीवर सगळे म्हणतात, ह्याच्या हातचा जॉइंट गळत नाही. त्या एका बोलण्यापायी मी बाबांना खाली पाठवलं.

आणि आता सगळ्यात वाईट. ह्या गाडीचं दार उघडं असलं की ती उंची बदलत नाही. कितीही बटण दाबा, ना वर जाते, ना खाली. बनवणाऱ्याने तसंच केलंय, कुणाचा पाय अडकू नये म्हणून. तुझ्या पहिल्याच पत्रात होतं, दाजींचं दार उघडं होतं, एक पाय बाहेर होता. ते वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की दाजींनी दाबलं असतं तरी गाडी बसली नसती. तरी मी तुला टेप लावायला सांगत बसलो. भ्यालो गं. आईच्या समोर कुठल्या तोंडाने उभा राहू?

फिटरकाकांना घेऊन बघ, साक्षीला आणखी एक माणूस उभा कर. पण गाडी वर गेली की आधी चारही बाजूंना लोखंडी स्टँड ठेव. बॉडीच्या खाली, पण टेकवायचे नाहीत. एक बोट अंतर ठेवायचं. म्हणजे गाडी स्वतःच्या पायांवर उभी राहते, गळती लपत नाही, आणि बसलीच तर एक बोट खाली येऊन स्टँडवर थांबते. एका मिनिटाचं काम आहे. इथे नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो. बाबांना लिहिताना मात्र सुचलं नाही. त्यांना काय सांगायचं, त्यांना सगळं येतं, असं वाटलं.

हे पत्र साहेबांना दाखव. मी येतो.

बारक्या

•

९ मार्च

बारक्या,

तुझं पत्र परवा मिळालं. वर तारीख २२ फेब्रुवारी. पाकिटावर पोस्टाचा शिक्का ४ मार्चचा. दहा दिवस ते कुठे होतं? खिशात, की हत्यारांच्या पेटीत? तुझ्याकडून इथे पत्र यायला तीन दिवस लागतात. त्याच दिवशी टाकलं असतंस तर २५ ला माझ्या हातात असतं.

२६ ला मी कात्रीच्या डब्यातलं पत्र पदराखाली घेऊन गेले होते. हे आत गेले, मला बाहेर बाकावर बसवलं. साहेबांनी पाणी दिलं, चांगलं बोलले म्हणे. ह्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "माझ्या हातून झालं. अंगठा लागला." जबाब दोनदा वाचला, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली, ती दुरुस्त करून घेतली आणि सही केली. त्याच दिवशी ह्यांना आत ठेवलं. मी तुझं पत्र पुढे केलं तर साहेब म्हणाले, "ताई, आरोपी स्वतः कबूल करतोय, ह्या चिठ्ठीने काय होणार?" घरी आले तर आई नुसती म्हणाली, "बघ, मी सांगत होते."

काल सकाळी फिटरकाका आणि छापखान्याचे मालक असे दोघे साक्षीला उभे केले. दारं लावून गाडी सगळ्यात वर नेली आणि लगेच चार स्टँड लावले. एक बोट अंतर मी स्वतः मोजलं, टेपने. मग ह्यांच्या बाजूचं दार उघडलं. फिटरकाका बटण दाबत राहिले. पाच वेळा, दहा वेळा. ती हलली नाही. मग आम्ही लांब उभे राहिलो. सातव्या मिनिटाला ती फुस्स झाली आणि डाव्या बाजूने बसली. खट् आवाज करून स्टँडवर थांबली. एवढंच, बारक्या. एक बोट खाली आली आणि थांबली. खाली माणूस असता तर अंगाला धूळ लागली असती, बाकी काही नाही. मी तिथेच मातीत बसून रडले. फिटरकाकांनी टोपी काढली.

दोघांनी सह्या केल्या. तुझी दोन्ही पत्रं त्याला जोडून वकिलाला दिली. तुझं नाव त्यात आहे. ते मी खोडलं नाही आणि खोडणार नाही. आईला मी सगळं वाचून दाखवलं. तिने तुझा फोटो खाली काढला, मग परत लावला, मग पुन्हा काढला. आता तो तिच्या उशीखाली आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दुपारी ह्यांना भेटायला गेले. जाळीच्या पलीकडे बसले होते, दाढी वाढलेली. मी म्हटलं, "अहो, सुटलात तुम्ही. गाडी आपोआप बसते. मी डोळ्यांनी बघितलं." सगळं सांगितलं, पाइपाचं, नटाचं, तुझं. ह्यांनी शांतपणे ऐकलं. मग माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "तू माझ्यासाठी धडपडतेस, कळतं मला. पण मला आता स्पष्ट आठवतंय. अंगठ्याखाली बटण गार लागलं होतं."

मी म्हटलं, "दार उघडं होतं ना तुमचं? उघडं असलं की बटण चालतच नाही!"

त्यांनी जाळीवर अंगठा टेकवला. आणि म्हणाले, "मग दार मी लावून घेतलं असणार."

वकील म्हणतात, सुटतील. महिना लागेल, दोन लागतील, पण कागद पक्के आहेत, सुटतील. घरी येतील आणि माझ्यासमोर बसून टेबलावर अंगठा दाबतील. माझं ते ऐकत नाहीत. गाडीचं ऐकत नाहीत. गाडीतलं तुला कळतं, एवढा एकच विश्वास त्यांचा उरलाय.

मार्चअखेरची वाट बघू नकोस. पत्र लिहू नकोस. उद्याच्या गाडीने ये, त्या जाळीपुढे बस आणि त्यांना तोंडाने सांग. पुन्हा पुन्हा सांग, पटेपर्यंत सांग.

ताई